थोरली नायट्रेट, धाकटी नायट्राइट

चेन्नईला बदली झाली तेव्हा मी फारसा विचार केला नव्हता. मी मेकॅनिकल इंजिनिअर. पुण्याजवळच्या कारखान्यात प्रेस शॉपला होते, पत्रा दाबायचा आणि आकार काढायचा. पत्रा इकडे काय आणि तिकडे काय, पत्राच. पण चेन्नईत हजर झाले त्याच दिवशी कळलं, की मला प्रेस शॉप नाही, पेंट शॉप दिलंय. आणि पेंट शॉपमध्येही रंगाचं काम नाही, रंगाच्या आधीचं.

गाडीचे सुटे भाग रंगवण्याआधी धुतात आणि त्यांच्यावर फॉस्फेटचा पातळ थर चढवतात. त्या थरामुळे रंग घट्ट बसतो, गंज धरत नाही. आमच्याकडे त्यासाठी एकामागोमाग एक टाक्या होत्या. वरून साखळीला टांगलेले भाग येत, एका टाकीत बुडत, वर निघत, निथळत आणि पुढच्या टाकीत उतरत. वाफेचा, साबणाचा आणि कसलातरी आंबूस वास असायचा. तिथले माझे वरिष्ठ निवृत्तीला आलेले तमिळ गृहस्थ होते. बारीक अंगाचे, कपाळाला विभूती, बोलणं कमी. सगळे त्यांना सर म्हणत, मीही म्हणू लागले. ते मला टाक्यांच्या बाजूने घेऊन गेले आणि भराभर इंग्रजीत सांगत सुटले. इथे कार्बोनेट, इथे सिलिकेट, इथे झिंक फॉस्फेट, इथे टोनर टाकायचा. टोनर म्हणजे सोडियम नायट्राइट. नायट्रेट नव्हे, नायट्राइट.

मी मान हलवली. त्यातलं फक्त झिंक मला कळलं होतं.

माझं दहावीपर्यंतचं शिक्षण सांगलीकडच्या मराठी शाळेत झालं. तिथे या मंडळींना आम्ही ‘संयुक्त मूलकं’ म्हणायचो. दोन-तीन मूलद्रव्यांचे अणू एकमेकांना धरून एका गटाने राहतात, सगळ्या गटाला मिळून एकच विद्युतप्रभार असतो, आणि रासायनिक क्रियेत तो गट बहुधा न फुटता इकडून तिकडे जातो. हे मी परीक्षेत व्याख्या म्हणून लिहिलं होतं आणि गुणही मिळवले होते. समजलं मात्र काहीच नव्हतं. बारावीनंतर रसायनशास्त्र सुटलं तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला होता.

मी राहायला तांबरमला होते. एका वृद्ध जोडप्याच्या घराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली होती. ती माणसं तंजावरकडची मराठी. पूर्वज कधीकाळी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. घरात मराठी बोलत, पण ते मराठी ऐकून पहिले काही दिवस मी नुसती बघत राहायचे. शब्द माझेच, चाल तमिळ. ‘सगळं’ला ते ‘अस्की’ म्हणत आणि ‘पाहिजे’ला ‘होणं’. पहिल्या सकाळी घरमालकीणबाईंनी जिन्याखालून विचारलं, “तुला काफी होणं की नक्को?” मला क्षणभर वाटलं, मला काही व्हायचंय का असं त्या विचारतायत. त्यांना सगळी गल्ली मामी म्हणायची. तमिळमध्ये तसं म्हणतातच आणि मराठीत मामी तर आपलीच, त्यामुळे मलाही ते तोंडात बसलं.

एका रविवारी मी जिन्यात बसून पाठांतर करत होते. सरांनी मला एक छापील कागद दिला होता, याच गटांची, म्हणजे संयुक्त आयनांची नावं, सूत्रं आणि प्रभार. मी डोळे मिटून पुटपुटत होते आणि दर दोन नावांनंतर अडकत होते. मामी गच्चीत पापड वाळत घालायला निघाल्या होत्या. त्या माझ्यापाशी थांबल्या, कागद हातात घेतला आणि चष्मा नाकावर खाली सरकवून वाचू लागल्या.

“हे अस्की पाठ करतीस?”

“हो मामी. कामाला लागतं.”

“कोण सांगितलं पाठ करायला?”

“दुसरं काय करणार? नावंच आहेत ही.”

मामी माझ्याजवळच्या पायरीवर बसल्या. पापडांचं ताट मांडीवरच होतं. मग मला कळलं, की त्या एका मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. इतके दिवस मी त्यांच्या हातची कॉफी पीत होते आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

“नावं पाठ करायची नसतात गं,” त्या म्हणाल्या. “नावं ओळखायची असतात. उद्या सकाळी खाली ये. मी दारात कोलम घालते तेव्हा.”

दुसऱ्या दिवशी कामाला जायच्या आधी मी खाली गेले. मामींनी दारासमोरची जमीन सडा टाकून झाडली होती. चिमटीत तांदळाचं पीठ घेऊन त्यांनी कोलमचे, म्हणजे तिकडच्या रांगोळीचे, आधी ठिपके मांडले. मधे एक ठिपका, भोवती तीन.

“हा मधला नायट्रोजन. हे तीन ऑक्सिजन.” मग एक अखंड रेघ त्यांनी चारही ठिपक्यांभोवती वळसे घेत फिरवली आणि सुरू केली तिथेच आणून मिळवली. “आता यातला एक ठिपका सुटा काढून दाखव.”

“रेघ मोडावी लागेल.”

“मोडायची नाही. हे घर आहे. कुठं गेले तर अस्की मिळून जातील. बाहेर एक वजा चार्ज लिही.” त्यांनी शेजारी पिठाने बारीकशी आडवी रेघ ओढली. “हे नायट्रेट. दोन नायट्रेट होणं असले तर सगळं घरच दोनदा. म्हणून फॉर्म्युल्यात कंस घालतो, कंसाबाहेर दोन लिहितो. कळलं का?”

मला ते तिथेच, उभ्या उभ्या कळलं. शाळेत मी कंसाबाहेरचा दोन आणि कंसातला तीन यांचा नेहमी घोळ घालायचे. कंस म्हणजे घराची भिंत, हे कोणी सांगितलंच नव्हतं.

मग त्यांनी शेजारी दुसरं घर काढलं, मधे एक आणि भोवती दोनच ठिपके. “ही धाकटी. नायट्राइट. नावाच्या शेवटी ‘एट’ ती थोरली जाऊ, ‘आइट’ ती धाकटी. धाकटीकडं एक ऑक्सिजन कमी. पण चार्ज तेवढाच. हे ध्यानात ठेव, चार्ज बदलत नाही.”

“मग सल्फेट आणि सल्फाइट?”

“तूच सांग.”

“सल्फेटमध्ये चार ऑक्सिजन. म्हणजे सल्फाइटमध्ये तीन. आणि दोन्हींना वजा दोन.”

मामी उठून उभ्या राहिल्या. पिठाची वाटी माझ्या हातात दिली आणि बाजूला झाल्या. मी दारात बसून सल्फेट काढलं. माझी रेघ कुठे जाड, कुठे तुटक आली. गल्लीतून दूधवाला गेला, त्याने वळून वळून पाहिलं. मला त्याचं काही वाटलं नाही. मला कधी एकदा पुढचं विचारते असं झालं होतं.

त्यानंतर रोजच सकाळी दारात एक घर निघू लागलं. क्लोरीनचा दिवस तर मला अजून आठवतो. क्लोरेटमध्ये तीन ऑक्सिजन, क्लोराइटमध्ये दोन. मी म्हटलं, झालं, थोरली आणि धाकटी. मामी म्हणाल्या, या घरात चौघी आहेत. थोरलीहून एक ऑक्सिजन जास्त असेल तर नावाच्या आधी ‘पर’ लावायचा, परक्लोरेट. आणि धाकटीहूनही एक कमी असेल तर ‘हायपो’. हायपोक्लोराइट, एकच ऑक्सिजन.

“हायपोक्लोराइट म्हणजे तुझ्या न्हाणीघरात आहे बघ, फरशी धुवायच्या बाटलीत,” त्या म्हणाल्या.

मी तशीच जिना चढून वर गेले आणि बाटली पाहिली. खरंच होतं. सोडियम हायपोक्लोराइट. रोज हातात घेत होते आणि ते नाव कधी वाचलं नव्हतं. मी बाटली घेऊन खाली आले, मामींना दाखवायला. कामावर जायला त्या दिवशी उशीर झाला.

पुढचे काही आठवडे मी वेड लागल्यासारखी वेष्टनं वाचत सुटले. खाण्याचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. कार्बोनेटच्या घरात एक हायड्रोजन शिरला, तो आपला अधिक प्रभार घेऊन आला, म्हणून वजा दोनचं वजा एक झालं. टूथपेस्टच्या नळीवर फॉस्फेटचं एक लांबलचक नाव होतं, त्याची फोड करत मी दात घासायला विसरले. जुलाबावर पाण्यात कालवून प्यायच्या पुडीवर सायट्रेट निघालं. तुरटीचं नाव शोधून काढलं तर त्यात सल्फेट. घरमालकांच्या, म्हणजे मामांच्या, रक्तवाढीच्या गोळ्यांवरही सल्फेट. कोपऱ्यावरच्या दुकानात मी एकेक पाकीट उलटं करून वाचत उभी राहायचे. दुकानदाराने एकदा तमिळमध्ये विचारलं, नक्की काय हवंय? मला उत्तर देता येईना, कारण मला काहीच नको होतं. शेवटी मी मुकाट्याने बिस्किटांचा पुडा घेतला, त्यावर अमोनियम बायकार्बोनेट लिहिलं होतं. अमोनियम हे त्या कागदावरचं अधिक प्रभाराचं एकुलतं एक नाव. ते बिस्किटात भेटल्याचा मला फार आनंद झाला.

मामींनाही माझ्याकडून एक गोष्ट मिळाली. तमिळ शाळेत आयनाला ‘अयनी’ म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, इंग्रजीत त्यांनी जन्मभर शिकवलं होतं, पण आपल्या भाषेत या गटाला काय म्हणतात ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मी ‘मूलक’ म्हणाले तेव्हा त्यांनी तो शब्द दोन-तीनदा उच्चारून पाहिला.

“मूलक. म्हणजे मुळातलं,” त्या म्हणाल्या. मग आत जाऊन मामांना सांगितलं, “ऐकलंत का, मराठीत शब्द आहे त्याला.” मामा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, “असणारच.”

कारखान्यात आता टाक्या मला परक्या वाटेनाशा झाल्या. सरांना मी प्रश्न विचारू लागले आणि कमी बोलणारे सर उत्तरं द्यायला हळूहळू लांब बोलू लागले. टोनर कशाला लागतो ते त्यांनी नीट समजावलं. फॉस्फेटच्या टाकीत लोखंडावर वायूचे बुडबुडे चिकटून बसतात आणि थर नीट चढू देत नाहीत. नायट्राइट त्यांचा बंदोबस्त करतं आणि काम वेगाने होतं. ते टाकीत पुरेसं आहे का हे पाहायची रीत मला फार आवडली. एका वाकड्या काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, त्यात सल्फॅमिक आम्लाची चिमूटभर पूड टाकायची आणि नळी उलटी करून सरळ करायची. नायट्राइट असेल तर आत वायू तयार होतो आणि नळीच्या वरच्या टोकाला साठतो. जितका वायू जास्त, तितकं नायट्राइट जास्त.

आणि मग तो दिवस आला. सर मुलीच्या लग्नासाठी रजेवर होते. सकाळची पाळी सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता, एवढ्यात टाकीतून बाहेर येणाऱ्या भागांवर पिवळसर डाग दिसू लागले. आधी एखाद्या भागावर, मग सगळ्यांवरच. हात लावला की बोटाला गंज लागायचा. लाइनवरच्या ऑपरेटरने नळीत पाणी घेऊन पाहिलं, वायू जेमतेम होता. त्याने टोनर वाढवला. पुन्हा पाहिलं, तेवढाच. अजून वाढवला. फरक पडेना.

“पोतं नवीनच आहे मॅडम,” तो म्हणाला. “आज सकाळी फोडलंय.”

मी त्याच्याबरोबर पोत्यापाशी गेले. पांढरं पोतं, पांढरी पूड, निळी अक्षरं. सोडियम, आणि त्याखाली ते दुसरं नाव. मी ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, मग बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. नायट्रेट. थोरली आली होती.

भीती होतीच, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त हर्ष होता. मला दिसलं होतं. काही महिन्यांपूर्वी हेच पोतं माझ्या डोळ्यांसमोर असतं तर मी त्यावरून नजर फिरवून पुढे गेले असते, जसे त्या सकाळी गोदामापासून लाइनपर्यंतचे सगळे गेले होते. पण लगेच शंका आली. पोत्यावर चुकीचं छापलं असेल तर? आत नायट्राइटच असेल तर? सर लग्नमंडपात होते, त्यांचा फोन लागेना. मी मामींना फोन लावला. पलीकडे भाजीवाल्याचा आवाज येत होता.

“मामी, सल्फॅमिक आम्लाबरोबर नायट्रेट वायू देतं का?”

“कशाला विचारतीस?”

मी घाईघाईने सांगितलं. मधेच त्यांनी भाजीवाल्याला थांबायला सांगितलं. वांग्यांचा भाव चालला होता बहुतेक.

“पूड आहे ना तुझ्यापाशी?”

“आहे.”

“आम्लही आहे?”

“आहे.”

“मग मला कशाला विचारतीस? करून बघ. आणि जुनं थोडं असलं तर तेही कर शेजारी. एकटं बघू नको.” त्यांनी फोन ठेवला.

जुन्या पोत्याच्या तळाशी मूठभर पूड निघाली. मी दोन नळ्या घेतल्या. एकीत जुनी पूड पाण्यात विरघळवून, दुसरीत नवी. दोन्हींत सारखंच सल्फॅमिक आम्ल टाकलं. ऑपरेटर, गोदामाचा माणूस आणि गुणवत्ता विभागाच्या बाई माझ्याभोवती उभ्या होत्या. जुन्या पुडीच्या नळीत लगेच फसफसून बुडबुडे उठले आणि वर वायूची पोकळी वाढू लागली. नव्या पुडीची नळी नुसती शांत. आम्ही थोडा वेळ थांबलो. तीत काही म्हणता काही झालं नाही.

“नायट्रेट,” मी म्हटलं. “हे आपलं नाही.”

मी लाइन थांबवली. थांबवायचा अधिकार मला होता, पण तोवर तो मी कधी वापरला नव्हता. साखळी थांबली आणि शॉपमध्ये एकदम इतकी शांतता झाली, की निथळणाऱ्या थेंबांचा आवाज ऐकू येऊ लागला. डाग पडलेले भाग बाजूला काढून पुन्हा धुवायला पाठवले. जवळच्या एका कारखान्यातून नायट्राइटचं पोतं उसनं मागवलं. ते आलं तेव्हा आधी त्याची पूड नळीत घालून पाहिली, बुडबुडे बघितले आणि मगच टाकीत टाकली. दुपारी पहिले भाग बाहेर आले ते राखाडी, एकसारखे, मखमलीसारखे. मी त्यावरून हात फिरवत राहिले.

संध्याकाळी सरांचा फोन आला. मागे नादस्वरम वाजत होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकच प्रश्न विचारला, जुन्याशी ताडून पाहिलं का? मी हो म्हटलं.

“गुड,” ते म्हणाले. मग विचारलं, “हे तुम्हाला कोणी शिकवलं?”

“माझ्या घरमालकीणबाईंनी.”

“त्यांना एकदा घेऊन या.”

घरी आले तर मामी दारातच होत्या. त्यांना पोत्याशी, लाइनशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी विचारलं, बुडबुडे किती जोरात आले? लगेच आले की उशिरा? नव्या नळीत अगदीच काही नाही? त्यांच्या शाळेत मुलींना क्षार ओळखायला देत, तेव्हा नायट्राइट घालवायला हेच आम्ल वापरायचं, असं त्या सांगू लागल्या. शाळेतली प्रयोगशाळा, खिडक्या, मुलींच्या फ्रॉकना पडलेली भोकं, सगळं सांगत गेल्या. कॉफी गार झाली. मी ती तशीच प्याले.

कारखान्यात घरच्यांना आणायचा दिवस असतो, त्या दिवशी मी मामींना घेऊन गेले. त्या निळी रेशमी साडी नेसल्या होत्या, केसांत मोगरा. दारात त्यांना डोक्यावर टोपी चढवावी लागली, तर त्यांनी गजरा काढून पर्समध्ये ठेवला. सर स्वतः पुढे आले. दोघांचं तमिळ सुरू झालं आणि इतक्या वेगाने सुरू झालं, की मला मधूनमधून फक्त फॉस्फेट, नायट्राइट आणि कार्बोनेट ऐकू येत होतं. एका टाकीपाशी ते वाद घालत बराच वेळ उभे राहिले. कशावरून ते मला आजही माहीत नाही. मी विचारलं तेव्हा मामी म्हणाल्या, “ते चुकत होते. थोडंसं.”

मग सर आम्हाला छोट्या प्रयोगशाळेत घेऊन गेले. टाकीतल्या द्रावणात आम्ल किती आहे ते तिथे मोजतात. खाली शंकूच्या आकाराच्या चंबूत द्रावण, वर बुरेट नावाच्या उभ्या नळीतून अल्कलीचा एकेक थेंब. रंग गुलाबी झाला की थांबायचं. सरांनी बुरेटच्या तोटीकडे हात केला आणि मामींना म्हणाले, “नींगळ.” तुम्ही करा.

मामींनी पदर कमरेला खोचला. डाव्या हाताने तोटी धरली, उजव्या हाताने चंबू गोल फिरवू लागल्या. निवृत्त होऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, पण हात एकदाही अडखळला नाही. थेंब पडायचा, गुलाबी लाट उठायची आणि विरून जायची. आम्ही सगळे वाकून बघत होतो. लाट विरायला उशीर होऊ लागला तसा त्यांनी तोटीचा वेग कमी केला, मग जवळजवळ बंद केला. एक थेंब नळीच्या टोकाला लोंबत राहिला. त्यांनी चंबूची कड त्याला हलकेच लावली, थेंब आत ओघळला, आणि अख्ख्या चंबूला फिकट, अगदी फिकट गुलाबी रंग चढला.

“पोदुम,” त्या म्हणाल्या. पुरे. आणि सरांकडे बघून हसल्या.